दुधीला फुलं येतात पण दुधी धरत नाही? मग आधी किडे परत बोलवा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की गच्चीवर भाजी लावणाऱ्या सगळ्यांचं रडगाणं एकच. वेल मस्त चढलाय, फुलांनी भरलाय, आणि फळ म्हणाल तर बोटाएवढं होतं, पिवळं पडतं, गळून जातं. मग कुणी सांगतं बोरॉन मारा, कुणी सांगतं आंबट ताक शिंपडा, कुणी केळ्याच्या सालींचं पाणी घाला म्हणतं. मी दोन वर्षं हे सगळं इमानेइतबारे केलं, ताकाचा वास गच्चीभर, आणि दुधी मात्र मंडईतूनच. तिसऱ्या वर्षी मामा सिन्नरहून आला होता, त्याने वेलाकडे एकदा बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "अगं खत कसलं घालतेस, इथे एक माशी फिरत नाही, फळ धरणार कसं?"

खरंच नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ होतं, चांगलं सुपाएवढं. कमिटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवलं, त्याने रात्री येऊन फवारा मारला, सकाळी गच्चीवर मेलेल्या माश्यांचा सडा. झाडून दोन सुपल्या भरल्या मी. आता मोहोळ गेलं म्हणूनच माझा भोपळा गेला असं मला कोर्टात सिद्ध करता येणार नाही, कारण त्याच वर्षी खाली पेव्हर ब्लॉक बसले, दर महिन्याचा डासांचा धूर सुरू झाला, कंपाउंडची रानटी झाडं 'स्वच्छता' म्हणून काढली. म्हणजे एकाच वर्षात आपण किड्यांचं खाणं, घर आणि जीव तिन्ही घेतलं आणि मग ताक शिंपडत बसलो.

तर हे सगळं उलटं कसं फिरवायचं ते लिहिते. बरीचशी कामं 'करू नका' या प्रकारातली आहेत, त्यामुळे आळशी लोकांना हे फार जमेल, मला जमलं.

आधी बघा, मग हात लावा

पहिला आठवडा काहीच करायचं नाही, फक्त कुठलं फूल कधी उमलतं आणि त्यावर कोण येतं ते बघायचं. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं, म्हणजे तुम्ही रविवारी दहाला चहा घेऊन गच्चीवर आलात तर खेळ संपलेला असतो. दोडका उलटा, त्याची पिवळी फुलं दुपार कलल्यावर उमलतात. आणि दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी, कारण त्यांचं गिऱ्हाईक रात्रीचं, पतंग. दुधीला दिवसा माशी येत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही, त्याला संध्याकाळचा अंधार लागतो, आणि आमच्या गच्चीवर तर पांढराशुभ्र हॅलोजन रात्रभर चालू. (त्यावर पुढे बोलू.)

किडे परत येईपर्यंत काम चालवायचं असेल तर हाताने परागीभवन करा. वेलावर दोन प्रकारची फुलं असतात, सरळ देठाची ती नर, आणि फुलाच्या मागे इवलासा दुधी किंवा भोपळा आधीच दिसतो ती मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा, एका नरात दोन-तीन माद्या होतात. भोपळ्याला सकाळी सातच्या आत, दुधीला दिवेलागणीला. हे केल्यावर माझे पाचातले चार धरले, तेव्हा कळलं की खताचा प्रश्नच नव्हता.

वांग्याचं अजून वेगळंच आहे. वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग पिवळ्या नळ्यांच्या आत बंद असतात, टोकाला फक्त बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही तसं ते फूल कुणीतरी गदागदा हलवावं लागतं. वाऱ्यानेही थोडंफार होतं, पण खरं काम भुंग्याचं आणि निळ्या पट्ट्यांच्या एका गुबगुबीत माशीचं, त्या फुलाला घट्ट लटकतात आणि अंग थरथरवतात, जवळ कान नेला तर एकदम वरच्या पट्टीतला बझ्झ असा आवाज येतो. आपल्या मधमाश्यांना ही युक्ती येत नाही. म्हणजे मधाची पेटी आणून ठेवली की सगळं मिटलं असं नाही, वेगवेगळी फुलं आहेत आणि वेगवेगळे कारागीर आहेत.

एवढं कशाला, दुधी विकत मिळतो की

मिळतो, पण तोही कुठेतरी कुणीतरी माशीनेच धरवलेला असतो. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी चारातली साधारण तीन पिकं कमीजास्त प्रमाणात परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत. गहू, भात, मका यांचं किड्यांशिवाय चालतं म्हणून पोट भरेल, पण ताटातली भाजी, फळं, तेल, मसाला यांना फटका बसेल.

आणि माणसाचं ताट सोडा, उंबराचं बघा. लहानपणी उंबर फोडलं की आतून बारीक केंबरं उडायची आणि आपण शी म्हणून टाकायचो. उंबर म्हणजे खरं तर आतून फुलं असलेली पिशवी आहे, फुलं बाहेर दिसतच नाहीत म्हणून तर 'उंबराचं फूल' म्हणजे दुर्मिळ गोष्ट. त्या पिशवीच्या तोंडाच्या बारीक भोकातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या कुळातली मादी आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, ती आतल्या फुलांना दुसऱ्या झाडाचे पराग लावते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन बाहेर पडतात आणि जेमतेम दिवस-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरं उंबर शोधतात. हे केंबरं नसलं तर उंबराला बी नाही. वड-पिंपळांचीही बहुतेक अशीच ज्याची त्याची माशी ठरलेली. आणि उंबर-वड पिकले नाहीत तर हरियाल, धनेश, वटवाघळं, खारी, माकडं यांनी ऐन टंचाईत खायचं काय? दत्ताच्या देवळामागचं झाड आपण तोडत नाही हे चांगलंच आहे, पण शंभर मीटरवर धूर फिरवला तर झाड नुसतं सावलीला उरतं.

अजून एक, चिमण्यांचं. लोक हौसेने चिमण्यांची लाकडी घरटी लावतात, बाजरी ठेवतात आणि त्याच गॅलरीत अळ्यांवर फवारा मारतात. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना लहानपणी अळ्या आणि किडेच भरवते. बाजरीवर पिल्लू वाढत नाही.

जर्मनीत ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षं सापळे लावून उडणाऱ्या किड्यांचं वजन मोजलं होतं, २०१७ साली आकडे आले, घट पाऊण हिश्श्याहून जास्त. ती पण राखीव जागांमध्ये. आपल्याकडे आकडा कशाला, जुन्या ड्रायव्हरला विचारा पूर्वी रात्री घाटात गाडी चालवली की काच किती पुसावी लागायची.

फवारा: सगळ्यात आधी हा बंद

मावा, म्हणजे शेंड्याला चिकटून रस शोषणारे बारके किडे, दिसला की आपला हात आपोआप बाटलीकडे जातो. थांबा. आठ-दहा दिवस द्या. चवळीच्या शेंड्यावर मावा आला की मागोमाग लेडीबगची मंडळी येतात, फक्त गंमत अशी की लेडीबग सगळ्यांना ओळखू येतो, लाल पाठीवर काळे ठिपके, पण तिचं पिल्लू कुणाला ओळखू येत नाही. ते काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांचं, अगदी बारकी मगर दिसते तसं. लोक त्यालाच कीड समजून चिरडतात आणि मावा खाणारा गडी स्वतःच्या हाताने मारतात. पिठ्या ढेकूण म्हणजे झाडावरची पांढरी, पिठाळ कीड, त्याचं तर अजून वाईट. त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या पिठाळ झालरीची, ढेकणासारखीच दिसते. फरक एवढाच की ती पळते. पिठ्या ढेकूण बसून असतो. म्हणून चिरडायच्या आधी काडीने हलकेच ढोसून बघा, तुरुतुरु पळालं तर तो आपला माणूस.

फारच झालं तर पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या मागून मारा, निम्मा मावा तिथेच धुऊन जातो. त्यानेही नाही भागलं तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा आणि त्या झाडाची फुलं मिटलेली असतील तेव्हाच मारायचा, शक्यतो संध्याकाळी, आणि फक्त किडीच्या जागेवर. सेंद्रिय आहे म्हणून कधीही कुठेही मारा असं नसतं, निंबोळीने मित्रकिड्यांची पिल्लं पण आजारी पडतात. पिवळे चिकट सापळे पण डोळे उघडे ठेवून वापरा, मी एकदा लावला त्यात पांढरी माशी होतीच पण सिरफिड माश्या पण चिकटल्या होत्या, त्यांच्या अळ्या मावा खातात. काढून टाकला.

नर्सरीतून झाड आणलं की त्याची फुलं पहिले काही आठवडे खुडून टाका, मी टाकते. कारण तिथे बऱ्याचदा मुळातून शोषली जाणारी औषधं दिलेली असतात, ती परागात आणि मधात उतरतात. इमिडाक्लोप्रिडसकट या जातीची तीन औषधं युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली ती मधमाश्यांमुळेच.

आता डास. इथे मला कुणी संत समजू नका, डास, ढेकूण, झुरळ यांच्यावर माझं काही प्रेम नाही. पण डासांचा धूर हा बहुतेक दिखावा आहे, उडणारे थोडे डास मरतात, पाण्यातली पिल्लं तशीच राहतात, आणि बाकीचं सगळं उडणारं जग मात्र साफ होतं. पाण्यातल्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून तर महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणते, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, टायर, नारळाच्या करवंट्या उपड्या घाला, टाकीला जाळी बसवा. हे ज्या सोसायटीत होतं तिथे धूर लागत नाही. निळ्या दिव्याची ती चटचट करणारी मशीन तर विकतच घेऊ नका, तिच्यात डास कमी आणि बिचारे पतंगच जास्त मरतात. झुरळांना जेलचे ठिपके लावा, घरभर फवारा कशाला.

झाडं: चहा कुठेही, बाळंतपण माहेरीच

फुलपाखरांसाठी बाग म्हणजे लोकांना नुसती रंगीत फुलं वाटतात. फुलपाखरू चहा प्यायला कुठेही जाईल, घाणेरीवर पण जाईल, पण बाळंतपणाला त्याला माहेरचंच झाड लागतं, कारण त्याची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. माहेर नसेल तर तुमची बाग म्हणजे हायवेवरचं हॉटेल, आले आणि गेले.

सगळ्यात सोपं माहेर म्हणजे कढीपत्ता आणि लिंबू. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही फुलपाखरं तिथे येतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ मध्ये महाराष्ट्राने जाहीर केलं आणि असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपण, तेही लिंबूवर्गातच अंडी घालतं, त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा कोकणात राहत असाल तर एखादं पपनस किंवा माकडलिंबू लावाच. आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर पहिल्यांदा अळी आली तेव्हा मला वाटलं चिमणीची शिट पडलीय, काळी-पांढरी, चकाकणारी. दोन दिवसांनी शिट दुसऱ्या पानावर. ती मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोटाने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते, कुबट वास येतो, शत्रू पळावा म्हणून. आईचा जीव कढीपत्त्यात, ती रोज म्हणायची पोह्यांना एक पान ठेवलं नाही मेलीने. म्हणून दोन कुंड्या केल्या, एक फोडणीची, एक अळ्यांची. फोडणीच्या कुंडीवर अळी दिसली की तळहातावर घेऊन शेजारी ठेवायची, भांडण मिटलं. झाड निष्पर्ण झालं तरी घाबरू नका, कढीपत्ता परत फुटतो.

रुई कंपाउंडला आपोआप उगवते, ती मारुतीची म्हणून तरी ठेवा, प्लेन टायगरची अळी तिच्यावर वाढते. पानफुटीच्या जाड पानाच्या आत रेड पिएरोची अळी बोगदा करून राहते, पान उन्हाकडे धरलं की आत दिसते. टाकळ्यावर, बहाव्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट. एरंडावर कॅस्टर. आंब्यावर बॅरन, जिची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी झोपते की तुम्ही नाक लावलंत तरी दिसत नाही. सोसायट्यांमध्ये उंच सरळ अशोक असतो ना, जो खरा अशोक नाहीच, त्यावर टेल्ड जे. म्हणजे बघा, यातलं एकही झाड महाग नाही, निम्मी तर तण म्हणून उपटली जातात.

मध आणि पराग यासाठी तुळशीसारखं दुसरं काही नाही. घरोघरी मंजिऱ्या खुडायची पद्धत आहे, झाड घेरदार होतं म्हणून, ते बरोबरच आहे, फक्त निम्म्या मंजिऱ्या राहू द्या. सातेरी आणि फुलोरी दोन्ही मधमाश्या दिवसभर तिथे असतात, शिवाय एक डंख नसलेली मुंगीएवढी माशी पण येते. कोथिंबीर, बडीशेप, मुळा यांची दोन-चार झाडं भाजीला न काढता फुलावर जाऊ द्या, त्यांच्या बारक्या फुलांवर अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या छोट्या गांधीलमाश्या पोट भरतात. झेंडू घ्यायचा तर साधा, एकेरी पाकळीचा गावठी घ्या, ते गोंड्यासारखे भरगच्च हायब्रीड दिसायला छान असतात पण किड्याला आत शिरायला वाट नसते.

घर: कचरा राहू द्या

मधमाशी म्हणलं की मोहोळ आठवतं, पण बहुतेक जातीच्या माश्या मोहोळ करतच नाहीत, एकट्या राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी जमिनीत बीळ करून. म्हणून पेव्हर ब्लॉक हा माझा वैयक्तिक शत्रू आहे. निदान एक कोपरा, चार फूट बाय चार फूट, उघड्या मातीचा, ऊन लागणारा, न खणलेला ठेवा. पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या बुंध्याशी लोटून द्या, त्यात भुंगेरे, गोम, कोळी, पतंगांचे कोष सगळं असतं. वाळलेला ओंडका असेल तर पडू द्या, भुंगा त्यात घर करतो.

बांबूची जुडी हा सगळ्यात मजेशीर प्रकार. सहा ते दहा मिलिमीटर भोकाच्या बांबूच्या कांड्या, वीतभर लांब, एका बाजूला पेर म्हणजे बंद आणि दुसरी बाजू उघडी, कडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करा नाहीतर पंख फाटतात, वीस-पंचवीस कांड्या सुतळीने घट्ट बांधून पावसाचं पाणी लागणार नाही अशा छज्जाखाली, सकाळचं ऊन येईल अशा बाजूला, हलणार नाही असं लावा. मग एक दिवस तुमच्या गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखे गोल गोल तुकडे गेलेले दिसतील. घाबरू नका, औषध शोधू नका. ती पानकापी माशी आहे, पानाची गोल चकती पायात धरून उडते, एखाद्या बाईने बगलेत गालिचा धरावा तशी, कांडीत नेऊन त्याची वळकटी करते, आत पराग आणि एक अंडं, मग झाकण, मग पुढची खोली. कांडीचं तोंड पानाने बंद दिसलं तर आत बाळं आहेत, मातीने बंद दिसलं तर कुंभारमाशी आहे, तिने पिल्लांसाठी आत अळ्या किंवा कोळी कोंबलेले असतात. दोघीही कुणाला उगाच चावत नाहीत. भोक उघडं होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि रिकामी झालेली कांडी वर्षाने बदलायची, नाहीतर बुरशी धरते.

उन्हाळ्यात पसरट मातीच्या ताटलीत गोटे घालून पाणी ठेवा, गोट्यांची डोकी पाण्यावर हवीत, नाहीतर माश्या बुडतात. रोज बदलायचं, नाहीतर परत डास.

दिवे

आमच्या हॅलोजनसाठी मी आठ महिने भांडले. शेवटी पिवळा, कमी वॉटचा, वर झाकण असलेला दिवा बसला आणि रात्री अकराला बंद होतो. पांढऱ्या-निळसर प्रकाशाला पतंग जास्त खेचले जातात, रात्रभर घिरट्या घालून दमून मरतात, आणि मग दुधीकडे कोण जाणार.

काजव्यांचं पण हेच. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडीकडे गाड्यांची रांग लागते. काजव्याचा तो सगळा लखलखाट म्हणजे लग्न जुळवायची बोली आहे, तुम्ही गाडीचा अपर लावला, मोबाइलचा टॉर्च मारला की ती बोली तिथेच तुटते. मादी जमिनीलगत ओलाव्यात अंडी घालते, अळ्या पाचोळ्यात राहून गोगलगायी खातात, म्हणून फोटोसाठी गवतात शिरणं म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे तुडवणं. जायचंच तर गाडी गावात ठेवा, दिवे बंद, वाटेवरूनच बघा, आणि बाटलीत एकही भरू नका, पोरांनी कितीही हट्ट केला तरी.

शेत असेल तर

मामाकडे कांदा, टोमॅटो आणि थोडं डाळिंब आहे. तो काही फवारणी बंद करणारा माणूस नाही आणि मी त्याला तसं सांगायला पण जात नाही, कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. पण त्याने दोन-तीन गोष्टी बदलल्या. एक, बांध जाळणं बंद केलं, बांधावर तुळस, झेंडू, चवळी, मक्याची ओळ, चवळीवर मावा येतो आणि त्याच्या मागे लेडीबग, मग ते तिथून टोमॅटोत उतरतात. दोन, फुलोऱ्यात फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी माश्या परतल्यावर. तीन, तारीख आली म्हणून नाही तर मोजून फवारायचं. कापसाचं उदाहरण द्यायचं तर गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) रोज ८ पतंग असे सलग ३ दिवस आले की मग औषध, त्याआधी नाही. आणि डब्यावरचा त्रिकोण बघायचा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे माश्यांसाठीच नाही, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आठवलं तरी पुरे.

कांद्याच्या बियाण्याला तर मधमाशी नसेल तर गोंडा नुसता फुलतो आणि वाळतो. त्या वेळी जो शेतकरी शेजारी भर दुपारी जहाल औषध मारतो तो स्वतःचं आणि शेजाऱ्याचं दोघांचं बी घालवतो, म्हणून मामा आता फवारायच्या आदल्या दिवशी बांधाला बांध असलेल्या चौघांना फोन करतो. पेट्या भाड्याने आणणार असाल तर पेटीवाल्याशी आधी तारखा ठरवा, औषध आधी की पेटी आधी यावरूनच भांडणं होतात. जनावरांना आयव्हरमेक्टिनचं, म्हणजे जंत-गोचिडांवरच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं तर पुढचे काही दिवस त्यांच्या शेणात ते उतरतं आणि शेणकिडे मरतात, मग शेण गोठ्याबाहेर वाळून पापुद्रा होऊन पडतं, मातीत जात नाही. डॉक्टरला विचारूनच, गरजेपुरतं.

आणि मोहोळ आलंच तर

घाबरणं साहजिक आहे, आग्या खरंच चावतो, आणि एक चावली की तिथून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्याच जागेवर येतात. पण उगाच नाही चावत. धूर, फटाके, दगड, मोहोळाजवळचा झगझगीत दिवा हे टाळलं की झालं. आग्या पेटीत राहत नाही, पेटीत राहते ती सातेरीसारखी माशी, त्यामुळे 'पेटीत भरून नेतो' म्हणणाऱ्याला आधी माशी कुठली ते विचारा. आणि मुख्य म्हणजे आग्या कायमचं राहत नाही, फुलोरा संपला की काही महिन्यांत स्वतःच उठून दुसरीकडे जातं. तेवढे दिवस गच्चीचा तो कोपरा दोरी लावून बंद करायचा. अगदी जिन्यात, शाळेच्या दारावर असेल तर हलवणारे प्रशिक्षित लोक मिळतात, फोनवर पहिला प्रश्न हाच, मारणार का हलवणार, आणि कुठलं औषध वापरणार. औषधाचं नाव सांगितलं की फोन ठेवा. माश्या मागे लागल्याच तर तोंड झाकून पळायचं आणि खोलीत शिरून दार लावायचं, पाण्यात उडी मारायची नाही. काटा रुतला असेल तर चिमटीत न धरता लगेच नखाने खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

आमच्या टाकीखाली यंदा दिवाळीनंतर परत लागलंय, अगदी त्याच जागी. ग्रुपवर बत्तीस मेसेज आले, त्यातले वीस 'काढून टाका'. मी फक्त जुन्या सुपलीतल्या माश्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की दोरी मी लावते, बोर्ड मी लिहिते, टाकीची साफसफाई मोहोळ उठेपर्यंत पुढे ढकलू. सेक्रेटरी काका म्हणाले बघू मेपर्यंत. कुणी चावलं तर जबाबदारी तुझी असंही म्हणाले. बोर्डावर माझा नंबर लिहिलाय.